छत्तीस-शून्यचं गाव

१२ सप्टेंबर १८८५. फुटबॉलच्या स्कॉटिश कपची पहिली फेरी, वरून पाऊस, आणि आर्ब्रोथ नावाच्या मासेमारीच्या गावातला क्लब अ‍ॅबर्डीनहून आलेल्या बॉन अ‍ॅकॉर्ड या संघाला ३६-० ने हरवतो. छपाईची चूक नाही. छत्तीसच. मध्यंतराला १५-० होते, म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात पाहुण्यांनी आणखी एकवीस खाल्ले. जॉकी पेट्री नावाच्या विंगरने एकट्याने १३ मारले.

तेव्हा गोलला जाळी नसायची, ती पाचसहा वर्षांनी आली. त्यामुळे प्रत्येक गोलनंतर कुणीतरी धावत जाऊन चिखलातून चेंडू शोधून आणायचा, मग पुन्हा सुरुवात. एवढा वेळ वाया घालवूनही छत्तीस. त्या काळच्या एका क्रीडापत्राने लिहिलं की चेंडू खांबांमधून ४१ वेळा गेला, पैकी पाच गोल पंचांनी नाकारले. आणि काही हौशी प्रेक्षक कागद-पेन्सिल घेऊन, क्रिकेटच्या धावा मांडाव्यात तसे गोल मांडत होते. आर्ब्रोथचा गोलरक्षक मिल्न याला काही कामच नव्हतं. प्रेक्षकांतल्या कुणाची तरी छत्री मागून घेऊन तो तिच्याखाली पाइप ओढत उभा राहिला, असं सांगतात. गोष्ट खरी असो की रंगवलेली, त्या दिवशी मैदानावर शहाण्यासारखा वागलेला माणूस मला तोच वाटतो.

गंमत म्हणजे त्याच दिवशी, तिथून तासाभराच्या आतल्या डंडीत, डंडी हार्पने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० ने धुतलं. पंचांच्या हिशेबाने गोल ३७ होते म्हणे, पण हार्पच्याच पदाधिकाऱ्याने ‘नाही, आमच्या मोजणीत ३५ आहेत’ असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि तेच कायम झालं. प्रामाणिकपणाची एवढी महाग किंमत फुटबॉलमध्ये दुसऱ्या कुणी मोजली असेल असं वाटत नाही. आर्ब्रोथचा निकाल कानावर आला तेव्हा त्या गृहस्थाचं क्लबात काय झालं असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो. २००२ साली मादागास्करमध्ये १४९-० असा सामना झाला, पण तिथे एका संघाने पंचांच्या निषेधार्थ आपल्याच गोलात चेंडू मारत बसायचं ठरवलं होतं. ते आंदोलन झालं. फुटबॉल खेळून जिंकण्यात आर्ब्रोथचं नाव अजून वरच आहे.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या दगडी पायऱ्यांवर बसून पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांच्या मॅचेस बघत वाढलेला. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो. संघ कुठला हे तुम्ही निवडत नाही, तालमीच्या गल्लीत जन्माला आलात की ते ठरलेलं असतं. त्यामुळे मोठ्या, चकचकीत, पैसेवाल्या युरोपियन क्लबांचं मला कौतुक आहे, पण ओढ नाही. भाचा डंडीच्या विद्यापीठात शिकायला गेला आणि मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्यासाठी एडिंबराचा किल्ला, व्हिस्कीची भट्टी आणि एक सरोवर असा बेत आखून ठेवला होता. म्हटलं, ते सगळं ठेव बाजूला, मला आर्ब्रोथला ने.

“मामा, थर्ड डिव्हिजनची मॅच आहे ती,” तो म्हणाला.

“मग तर नेच.”

डंडी ते आर्ब्रोथ ही रेल्वे १८३८ सालची, म्हणजे ठाण्याला पहिली गाडी गेली त्याच्याही पंधरा वर्षं आधीची. वीस मिनिटांचा प्रवास. उजव्या हाताला समुद्र जवळजवळ सोडतच नाही. ब्रॉटी फेरी, मोनीफीथ, मग कार्नूस्टीचं गोल्फचं मैदान, तेही पाण्याला लागून. त्या शनिवारी समुद्राचा रंग शिशाचा होता आणि लाटा गाडीच्या विरुद्ध दिशेने तिरक्या धावत होत्या. भाच्याने खिडकीतून एकदा बघितलं आणि टोपी कानावर ओढली. “छत्री घेतलीयस ती पिशवीतच ठेव,” म्हणाला, “उघडलीस की डेन्मार्कला जाईल.”

सामना तीनचा होता आणि आम्ही अकरालाच पोचलो होतो, म्हणून आधी ॲबी पाहिली. ११७८ साली राजा विल्यमने बांधायला घेतलेला मठ. आता लाल वालुकाश्माचे भग्न अवशेष उभे आहेत. इथूनच १३२० मध्ये स्कॉटलंडच्या सरदारांनी पोपला पत्र पाठवलं की आमच्यातले शंभर जण जिवंत असेपर्यंत आम्ही इंग्लंडच्या सत्तेखाली जाणार नाही. शाळकरी पोरांना ते तोंडपाठ असतं. मला स्वतःला त्या पत्रापेक्षा दक्षिणेकडच्या भिंतीतली गोल खिडकी जास्त आवडली. गावात तिला ‘राउंड ओ’ म्हणतात. पूर्वी तिच्यात दिवा लावत, म्हणजे समुद्रावरच्या होड्यांना किनारा कळे. खिडकी ढासळली होती ती १८०९ च्या सुमारास रॉबर्ट स्टीव्हन्सन या इंजिनिअरने पुन्हा बांधून काढली.

हा स्टीव्हन्सन इथे आला होता तो दुसऱ्याच कामाला. किनाऱ्यापासून अठराएक किलोमीटर आत बेल रॉक नावाचा खडक आहे, भरतीला पूर्ण पाण्याखाली जाणारा. शेकडो वर्षं त्याने जहाजं फोडली. त्या खडकावर स्टीव्हन्सनच्या माणसांनी १८०७ पासून दीपगृह बांधलं. ओहोटीच्या वेळी मिळतील ते तास काम करायचं, पाणी चढायला लागलं की हत्यारं आवरून होडीत. १८११ च्या फेब्रुवारीत दिवा लागला तो आजही लागतो. बंदराजवळ एक पांढराशुभ्र सिग्नल टॉवर आहे, तो या दीपगृहाशी खाणाखुणांनी बोलण्यासाठी बांधलेला. आता तिथे संग्रहालय आहे. दीपगृहावर ड्यूटीला असलेल्या माणसाच्या घरी मूल झालं की टॉवरवरून खूण करत: मुलगा झाला तर विजार फडकवायची, मुलगी झाली तर परकर. आणि तो बाप तिकडे दुर्बिणीला डोळा लावून. मला या एका गोष्टीसाठी तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले असते, पण प्रवेश फुकट होता.

दिव्यांचं एवढं पुराण सांगायचं कारण, क्लबचं टोपणनावच दिव्यावरून आहे. होड्यांना बंदर दाखवणारा जो लाल दिवा असे, त्यावरून आर्ब्रोथच्या माणसांना ‘रेड लिख्टीज’ म्हणतात आणि १८७८ साली स्थापन झालेल्या या क्लबलाही तेच म्हणतात. जर्सी मात्र लाल नाही, ती मरून रंगाची.

मैदानावर जायच्या आधी जेवण. बंदराच्या बाजूच्या गल्ल्यांमध्ये धुराचा वास असतो, लाकडाचा, ओलसर. हॅडॉक मासा साफ करून, खारवून, दोन-दोन मासे शेपटीला सुतळीने बांधतात. ती जोडी काठीवर उलटी टांगायची, खाली पिंपात ओक नाहीतर बीचची लाकडं पेटवायची आणि वर ओलं गोणपाट झाकायचं. तेवढी एकच युक्ती आहे त्यात: गोणपाटामुळे आग भडकत नाही, आत वाफ आणि धूर कोंडतो, आणि अर्ध्यापाऊण तासात मासा बाहेरून तांबूस सोनेरी आणि आतून शिजून मऊ. याला ‘आर्ब्रोथ स्मोकी’ म्हणतात. मूळ शेजारच्या ऑक्मिथी या कोळीवाड्याचा. तिथली कुटुंबं इथे येऊन वसली तशी ही विद्याही आली. २००४ पासून त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि गावाच्या आठ किलोमीटरच्या परिघात केलेल्यालाच हे नाव लावता येतं. आम्हाला तो कागदात गुंडाळून, गरम, मिळाला. मधला काटा अंगठ्याने एका ओढीत सुटतो. तिखट नाही, मसाला नाही, कोल्हापुरी जिभेला सुरुवातीला काही कळेना. मग कळलं. भाच्याने एक खाल्ला, मी दोन.

गेफील्ड पार्क बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे. युरोपातलं समुद्राला सगळ्यात जवळचं फुटबॉल मैदान अशी त्याची ख्याती आहे, आणि ते बघितल्यावर कुणी टेप घेऊन मोजायला जाईल असं वाटत नाही. एका बाजूला टचलाइन, मग उभं राहून बघणाऱ्यांच्या पायऱ्या, मग भिंत, मग पायवाट आणि दगड, मग थेट उत्तर समुद्र. उधाण आणि वारा एकत्र आले की लाटेचं पाणी भिंतीवरून आत येतं. एका बाजूच्या खुर्च्यांचा स्टँड सोडला तर बाकी सगळे उभे. क्षमता साडेसहा हजारांच्या आसपास. पण १९५२ साली रेंजर्सविरुद्ध कपच्या सामन्याला इथे १३,५१० माणसं होती. ती कशी मावली असतील ते त्या भिंतीलाच माहीत.

रेंजर्सवरून आठवलं. छत्तीस-शून्यच्या आदल्याच मोसमात, १८८४ च्या डिसेंबरात, ग्लासगोचा हा बडा क्लब कपच्या सामन्यासाठी इथे आला आणि ४-३ असा हरला. हरल्यावर त्यांनी घरी तार केली की परसातल्या अंगणात हरलो. मग मैदान मोजायला घेतलं! नियमाने रुंदी निदान ५० यार्ड हवी होती, भरली ११ इंच कमी. तक्रार मान्य झाली, सामना पुन्हा खेळवला गेला आणि रेंजर्स ८-१ ने जिंकले. अकरा इंच. मला वाटतं, बिचाऱ्या बॉन अ‍ॅकॉर्डवर पुढच्या वर्षी जो राग निघाला तो निम्मा त्या अकरा इंचांचा असावा. याला पुरावा काही नाही, पण पेठेतल्या माणसाला राग कुठला कुठे निघतो ते बरोबर समजतं. १९२५ मध्ये मैदान थोडं सरकवून नव्याने बांधलं. रुंदीची तक्रार त्यानंतर कुणी केलेली नाही.

आता वारा. वाऱ्याबद्दल आधी वाचलं होतं, पण वाचलेला वारा आणि कानाच्या पाळीवर बसणारा वारा यांचा काही संबंध नसतो. नाणेफेक जिंकणारा कर्णधार इथे बाजू निवडताना ध्वजाकडे बघतो. पहिल्या अर्ध्यात आर्ब्रोथ वाऱ्याच्या विरुद्ध खेळत होतं. त्यांच्या गोलरक्षकाने एक गोलकिक मारली, चांगली उंच, जोरदार. चेंडू मध्यरेषेच्या अलीकडे जाऊन हवेत थांबला. खरंच थांबला. मग त्याचा विचार बदलला आणि तो परत यायला लागला. दोन बचावपटू, एक समोरचा स्ट्रायकर, तिघेही माना वर करून मागे मागे पळतायत, आणि शेवटी चेंडू टप्पा खाऊन कॉर्नरच्या झेंड्याजवळून बाहेर. गोलरक्षकाने हातमोजे झटकले आणि पुढच्या वेळेपासून जमिनीलगत पास द्यायला सुरुवात केली. समोरच्या संघाला वारा पाठीशी असून फायदा घेता येईना. त्यांचा प्रत्येक लांब पास पुढच्या खेळाडूला ओलांडून सरळ जाहिरातीच्या फळीवर आपटत होता. बाहेरच्या संघांचं हे नेहमीचंच, असं शेजारचा माणूस म्हणाला. वारा हवा तेवढाच घ्यायला शिकायला दोन-चार मोसम लागतात.

हा शेजारचा माणूस सत्तरीचा, मरून मफलर, हातात मटणाची स्कॉच पाई. आधी त्याची भाषा मला ओ की ठो कळेना. तिकडचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात आणि वर वाऱ्याने निम्मी अक्षरं पळवलेली. भाचा मधे दुभाषी. आम्ही भारतातून आलोय म्हटल्यावर त्याने जागा करून दिली आणि विचारलं, तुमच्याकडे सगळे क्रिकेटच ना? मी जरा तावातावाने कोल्हापूरचं सांगितलं, तालमी, पेठा, हजारोंची गर्दी, पोलीस बंदोबस्त. बंदोबस्त म्हटल्यावर तो खूश झाला.

मध्यंतराला एक गंमत बघितली. पंचांनी शिट्टी मारली आणि आमच्या बाजूची सगळी गर्दी चालायला लागली. मला वाटलं पावसाने उठले. पण नाही, दुसऱ्या अर्ध्यात आपला संघ ज्या गोलकडे हल्ला करणार, त्या गोलमागे जाऊन उभं राहायचं, अशी इथली पद्धत. मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालायची. म्हातारे, पोरं, एक बाबागाडी, सगळे रांगेने, पाई सांभाळत. वाटेत समोरच्या संघाचे लोक उलट दिशेने येत होते. एकमेकांना टोमणे मारून झाले आणि वाटही दिली गेली.

चालता चालता मी छत्तीस-शून्यचा विषय काढला. त्याच्यासाठी तर आलो होतो. म्हातारा नुसता हसला. “त्या दिवशी मी नव्हतो,” म्हणाला. मग थोडं थांबून, “किल्मारनॉकला होतो.”

किल्मारनॉकची गोष्ट सांगायला हवी. आर्ब्रोथचे खेळाडू पोटासाठी दुसरं काम करणारे. आठवड्यातून दोनेक संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. त्यांचा लाडका विंगर बॉबी लिन कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा. त्यांना २०१६ मध्ये डिक कॅम्पबेल नावाचा, कायम चपटी टोपी घालणारा, तोंडाने तिखट मॅनेजर मिळाला. त्याचा जुळा भाऊ इयन त्याचा सहायक. या जोडीने संघाला चौथ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर आणलं. आणि २०२१-२२ मध्ये, ज्या डिव्हिजनमध्ये बाकी सगळे पूर्णवेळ पगारी खेळाडू, तिथे हा एकटा अर्धवेळ संघ चक्क पहिल्या जागेसाठी झुंजत राहिला. एक जागा वर गेले असते तर सेल्टिक आणि रेंजर्स हे ग्लासगोचे दोन्ही बडे क्लब दरवर्षी या भिंतीजवळ खेळायला आले असते.

२२ एप्रिल २०२२ ला किल्मारनॉकच्या मैदानावर निकाल लागायचा होता. आर्ब्रोथने आघाडी घेतली. गावातली अर्धी वस्ती तिकडे गेली होती, म्हाताऱ्याच्या म्हणण्यानुसार. दुसऱ्या अर्ध्यात उशिरा बरोबरी झाली आणि ८९ व्या मिनिटाला किल्मारनॉकने दुसरा मारला. अजिंक्यपद गेलं. शेवटचा तक्ता: किल्मारनॉक ६७ गुण, आर्ब्रोथ ६५. मग बढतीसाठीच्या प्ले-ऑफमध्ये इन्व्हरनेसशी गाठ. पहिला सामना गोलशून्य, दुसरा इथे गेफील्डला, तोही गोलशून्य, जादा वेळ. इन्व्हरनेसचे दोघे बाहेर काढले गेले, नऊ जण उरले, आणि त्या नऊ जणांनी पेनल्टीवर आर्ब्रोथला हरवलं.

हे सगळं म्हाताऱ्याने मिनिट-मिनिटाने सांगितलं. कोण कुठे उभा होता, चेंडू कुणाच्या पायातून सुटला, तेव्हा वारा कुठून होता. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की छत्तीस-शून्य हा आकडा जगाचा आहे. तो चहाच्या मगवर छापता येतो, माझ्यासारखा माणूस त्याच्यामागे साडेसात हजार किलोमीटरवरून येतो. गावाला तो पाठ आहे, अभिमानही आहे, पण त्याने कुणाची झोप उडत नाही. झोप उडवतो तो दोन-एक. दोन गुणांवर, एका मिनिटावर हुकलेली गोष्ट घरात राहते, तिचा हिशेब दर शनिवारी नव्याने मांडला जातो. पाटाकडीलच्या जुन्या माणसाला जिंकलेल्या स्पर्धा विचारा, आठवून सांगेल. हुकलेली फायनल विचारू नका, बस चुकेल.

या क्लबने मोठी म्हणावी अशी एकही स्पर्धा आजवर जिंकलेली नाही. १९४७ ला कपची उपांत्य फेरी, १९३० आणि १९७० च्या दशकांत काही वर्षं आणि मधे एखाददुसरा मोसम वरच्या डिव्हिजनमध्ये, तेवढंच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सेल्टिकचा माजी कर्णधार डॅनी मॅकग्रेन मॅनेजर म्हणून आला, तेव्हा त्याच्या दाढीच्या प्रेमापोटी इथले लोक खोट्या दाढ्या लावून स्टेडियमवर यायचे. म्हाताऱ्याकडे ती अजून आहे. बायकोने दोनदा टाकून दिली, त्याने दोनदा कचऱ्यातून काढली.

दुसऱ्या अर्ध्यात वारा आमच्या बाजूने होता आणि आम्ही गोलच्या मागेच उभे होतो, त्यामुळे सगळं अंगावर येत होतं: चिखलाचे शिंतोडे, गोलरक्षकाच्या शिव्या, समुद्राचे तुषार. चारच्या पुढे फ्लडलाइट लागले आणि त्यांच्या उजेडात पाऊस आडवा जाताना दिसायला लागला. एक कॉर्नर वाऱ्याने असा काही वळवला की तो थेट आतच जात होता. गोलरक्षकाने शेवटच्या क्षणी मुठीने बाहेर काढला. आमच्या आजूबाजूच्या दोन-तीनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. भाचा, ज्याला थर्ड डिव्हिजनची मॅच नको होती, तो माझ्या दंडाला धरून उड्या मारत होता. शेवटी बरोबरी. निकालावर कुणी खूश नव्हतं आणि कुणी लगेच घरीही गेलं नाही.

बाहेर पडताना म्हाताऱ्याने हात मिळवला आणि पुढच्या शनिवारचा बेत विचारला. सामना इन्व्हरनेसला आहे, म्हणाला, सकाळी लवकर बस सुटते, दोन जागा धरून ठेवू का. माझं परतीचं विमान त्याच्या आधीच होतं. भाचा मात्र फोन काढून बसची वेळ लिहून घेत होता.

“पण पेनल्टीपर्यंत जाऊ नये म्हणजे झालं,” म्हातारा म्हणाला. लीगच्या सामन्यात पेनल्टी-शूटआउट नसतो हे त्याला ठाऊक होतंच. तरी म्हणाला.